डिजिटल सातबारा खरा की बनावट, हे कसे तपासावे

जमिनीचा व्यवहार ठरत आला की दलाल व्हॉट्सअ‍ॅपवर सातबाऱ्याची पीडीएफ पाठवतो. तिच्यात क्यूआर कोड असतो, ‘डिजिटल स्वाक्षरीत असल्यामुळे सही-शिक्क्याची आवश्यकता नाही’ असे वाक्य असते, आणि तेवढ्यावर घेणारा निर्धास्त होतो. नातेवाइकांचे आणि ओळखीपाळखीच्यांचे उतारे तपासण्याचे काम माझ्याकडे बरीच वर्षे आपसूक येत राहिले आहे. ‘कोड स्कॅन करा, झाले’ हा सल्ला ऐकला की मला आता राग येतो.

प्रथम उतारा कोणत्या प्रकारचा आहे ते पाहावे. भूलेख संकेतस्थळावर विनाशुल्क दिसणारा सातबारा केवळ माहितीसाठी असतो, त्यावर स्वाक्षरी नसते. डिजिटल स्वाक्षरीचा उतारा १ मे २०१८ पासून मिळू लागला. तो १५ रुपयांत निघतो आणि त्यावर १६ अंकी पडताळणी क्रमांक असतो. क्रमांकच नसेल, तर पुढे तपासण्यासारखे काही उरत नाही.

क्यूआर कोडवर विसंबू नये. बनावट उताऱ्यावरचा कोड बनावट संकेतस्थळावरच नेतो, आणि तिथे ‘पडताळणी यशस्वी’ हे शब्द हमखास हिरव्या रंगात येतात. महाभूमी या राज्य सरकारच्या जमीन-अभिलेखांच्या संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाईप करावा, सुरुवातीचे ‘https://’ सोडून पुढच्या पहिल्या तिरक्या रेषेच्या आधीचा भाग ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ असाच संपतो ना ते पाहावे आणि १६ अंक हाताने भरावेत.

यानंतरच्या टप्प्यावर मी स्वतः फसता फसता वाचलो आहे. मामेभावाने घ्यायच्या जमिनीचा उतारा माझ्याकडे आला, मी क्रमांक भरला, अभिलेख समोर आला, गट क्रमांक आणि खातेदाराचे नाव जुळले, आणि मी ‘हरकत नाही’ असे कळवून मोकळा झालो. इसाराची रक्कम द्यायच्या आदल्या रात्री मामांनी सहज विचारले, “खाली शेवटचा फेरफार लिहिलाय, तो कशाचा रे?” मी पीडीएफ पुन्हा उघडली. शेवटच्या फेरफाराचा, म्हणजे हक्कात झालेल्या बदलाच्या नोंदीचा, क्रमांक आणि दिनांक तळाशी होता, पण त्या क्रमांकाची नोंद वर कुठेच सापडेना. संकेतस्थळावरची प्रत शेजारी ठेवली तेव्हा उलगडा झाला: ‘इतर हक्क’ या रकान्यात सोसायटीच्या कर्जाचा बोजा होता, आणि आमच्याकडच्या पीडीएफमधून नेमकी ती ओळ गायब होती. पडताळणी क्रमांक अस्सल होता. कागद मात्र खाडाखोड केलेला होता.

म्हणून क्रमांक जुळणे आणि कागद खरा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी आता प्रत्येकाला बजावतो. तो क्रमांक सरकारी अभिलेखाचा असतो. हाती आलेल्या पीडीएफमधल्या मजकुराची हमी तो देत नाही. दोन्ही प्रती शेजारी ठेवून वरपासून खालपर्यंत ओळीने वाचाव्यात. क्षेत्राचे आकडे दशांश चिन्हासकट ताडून पाहावेत, लागवडयोग्य क्षेत्र आणि पोटखराबा (लागवडीस अयोग्य क्षेत्र) यांची बेरीज स्वतः करावी. नव्या नमुन्यात कमी झालेल्या खातेदाराच्या नावावर आडवी रेषा असते. ती रेषा पुसली की जमिनीशी संबंध संपलेला माणूस पुन्हा मालक दिसू लागतो, त्यामुळे नावे वाचताना रेषाही पाहाव्यात. ‘इतर हक्क’ सर्वात शेवटी, पण सर्वात सावकाश वाचावे, कारण लपवण्यासारखे असते ते बहुधा तिथेच असते. मोबाईलच्या पडद्यावर हे काम करू नये. मी दोन्ही प्रती छापून घेतो आणि पट्टी ठेवून वाचतो. घरचे हसतात, हसू द्यावे.

खरे तर या सगळ्याला एक सोपा पर्याय आहे, आणि लोक १५ रुपयांसाठी तो का टाळतात हे मला आजवर कळलेले नाही. जिल्हा, तालुका, गाव आणि गट क्रमांक घेऊन स्वतःच नवा उतारा काढावा आणि समोरच्याने दिलेला बाजूला ठेवावा. त्यासाठी समोरच्याची परवानगी लागत नाही. ‘मी दिलाय ना, परत कशाला?’ असे कोणी म्हणाले, तर उतारा जरूर काढावा.

स्वतः काढलेला उताराही आज काय ठरले आहे तेवढेच सांगतो. नोंदणीकृत खरेदीखत झाल्यावर फेरफार घेतला जातो, हरकतींसाठी १५ दिवसांची नोटीस निघते आणि मगच नोंद प्रमाणित होते; म्हणजे गेल्या आठवड्यात दुसऱ्याला विकलेली जमीन आजच्या अस्सल सातबाऱ्यावर जुन्याच मालकाच्या नावे दिसू शकते. त्यासाठी उताऱ्यावरची ‘प्रलंबित फेरफार’ ही ओळ वाचावी, महाभूमीच्याच ‘आपली चावडी’ या डिजिटल सूचनाफलकावर त्या गावाच्या नोटिसा पाहाव्यात आणि दस्त नोंदवायच्या दिवशी सकाळी आणखी १५ रुपये भरून ताजा उतारा काढावा.