आखाजीपासून ऑगस्टपर्यंत: पीएच.डी.ला निघण्याची तयारी

एम.एस्सी. झाली, नेट किंवा गेट निघालं, पुण्या-मुंबईच्या किंवा बंगळूरच्या संस्थेचं मुलाखतीचं पत्र आलं. जळगाव, धुळे, नंदुरबारकडची मुलं यापुढे विषयात क्वचितच अडकतात. ती अडकतात कागदपत्रांत आणि पहिल्या चार महिन्यांच्या खर्चात. या दोन्ही गोष्टी आधी उरकता येतात.

सुरुवात दाखल्यांपासून करा, आणि ती आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमारास करा. 1 एप्रिलला नवं आर्थिक वर्ष लागतं आणि केंद्रीय संस्था ओबीसी नॉन-क्रीमीलेअर किंवा ईडब्ल्यूएसचा दाखला बहुधा त्या तारखेनंतरचाच मागतात. दहावी-बारावीचे निकाल लागले की सेतू केंद्रात आणि तहसीलमध्ये रांगा लागतात, मग आठवड्याच्या कामाला महिना जातो. सगळ्यात जास्त चुकतं ते नमुन्यात. राज्याचा मराठी नॉन-क्रीमीलेअर दाखला आयआयटी किंवा आयसरमध्ये (केंद्राच्या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थेत) चालत नाही. तिथे केंद्र सरकारच्या नमुन्यातला इंग्रजी दाखला लागतो. अर्ज करतानाच ‘सेंट्रलचा पाहिजे’ असं स्पष्ट सांगा आणि आपली जात केंद्राच्या यादीत आहे का, कोणत्या स्पेलिंगने आहे, हे आधी तपासा. अनुसूचित जमातीच्या मुलांनी जात पडताळणीचं प्रमाणपत्रही सोबत ठेवावं.

दहावीपासून एम.एस्सी.पर्यंतच्या सगळ्या सेमिस्टरच्या गुणपत्रिका, तात्पुरतं पदवी प्रमाणपत्र, कॉलेजचा टीसी आणि विद्यापीठाचं मायग्रेशन एका फाइलीत ठेवा. टीसी आणि मायग्रेशनची मूळ प्रत संस्था ठेवून घेते, म्हणून देण्याआधी स्कॅन करा. निकाल बाकी असेल तर विभागप्रमुखांचं तसं पत्र शिक्क्यासह घ्या.

नावाकडे लक्ष द्या. आपल्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं, आधारवर शेवटी, पॅनवर कधी वडिलांचं नाव गाळलेलं. स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक असला तरी फेलोशिप अडकू शकते. आधार, पॅन आणि बँक पासबुक तिन्ही दहावीच्या स्पेलिंगप्रमाणे करून घ्या. आधारला वडिलांचा मोबाइल जोडलेला असेल तर तो आत्ताच बदला. नाहीतर तुम्ही संस्थेच्या कार्यालयात आणि ओटीपी शेतातल्या फोनवर, असं होतं. शोधनिबंधावर नाव कसं छापायचं तेही आत्ताच ठरवा आणि पुढे बदलू नका. पाटील, चौधरी, महाजन, वळवी या आडनावांचे संशोधक खूप आहेत, त्यामुळे 16 आकडी ऑर्किड (ORCID) क्रमांक, म्हणजे संशोधकाची स्वतंत्र ओळख, काढून ठेवा; तो फुकट मिळतो.

आता पैसे. सीएसआयआर-यूजीसी जेआरएफला (नेटमधून मिळणाऱ्या कनिष्ठ संशोधन फेलोशिपला) 1 जानेवारी 2023 पासून महिन्याला 37,000 रुपये मिळतात, दोन वर्षांनी एसआरएफ (वरिष्ठ फेलो) झाल्यावर 42,000. रक्कम चांगली आहे, पण पहिला हप्ता यायला तीन-चार महिने सहज लागतात. प्रवेश फी, वसतिगृहाची अनामत आणि मेसची आगाऊ रक्कम मात्र जुलै-ऑगस्टमध्ये लगेच भरावी लागते. नेमकं तेव्हा घरचा पैसा बियाणं, खत आणि निंदणीत गेलेला असतो, आणि कापूस घरात यायला दिवाळी उजाडते. म्हणून आदल्या हंगामाच्या शेवटच्या वेचणीचे पैसे आले की त्यातले बाजूला काढा. किती, ते त्या वसतिगृहात राहणाऱ्या सिनियरला महिन्याचा खर्च विचारून ठरवा: चार महिन्यांचा खर्च, अधिक फी आणि अनामत. यासाठी सावकाराकडे जाऊ नका. आधी संस्थेला फी हप्त्यांत घेता का किंवा फेलोशिप आल्यावर घेता का, असं लेखी विचारा. पुष्कळ ठिकाणी सोय होते. खातं राष्ट्रीयीकृत बँकेत, आधार जोडलेलं हवं. आणि जॉइनिंग रिपोर्टवरची तारीख दोनदा वाचा, कारण फेलोशिप त्या तारखेपासून मोजली जाते.

हातांची तयारीही करायची आहे. लहान कॉलेजात ब्युरेट आणि काचेच्या पिपेटवर हात बसलेला असतो, मायक्रोपिपेट (बटण दाबून अगदी थोडा द्रव मोजून घ्यायचं साधन) मात्र कपाटात बंद असते. निघण्याआधी कॉलेजच्या सरांना विनंती करून दोन दुपारी ती वापरा. बटण पहिल्या थांब्यापर्यंत दाबायचं, मग टिप द्रवात दोन-तीन मिलिमीटर बुडवायची, बोट सावकाश सोडायचं. द्रव बाहेर टाकतानाच दुसऱ्या थांब्यापर्यंत जायचं. घेतानाच दुसऱ्या थांब्यापर्यंत दाबलं तर ठरवल्यापेक्षा जास्त द्रव येतो. नवख्याची ही सगळ्यात नेहमीची चूक, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. म्हणून तराजूवर तपासा: 1000 मायक्रोलिटर पाणी 25 अंशाला साधारण 0.997 ग्रॅम भरतं. दहा वेळा मोजा; आकडे एकमेकांजवळ येईपर्यंत सराव थांबवू नका.

द्रावणांची गणितंही कागदावर पक्की करा. 0.5 मोलर मिठाचं 250 मिलिलिटर द्रावण करायला 58.44 (मिठाचा रेणुभार) × 0.5 × 0.25 (लिटर), म्हणजे 7.305 ग्रॅम मीठ लागतं. ते 200 मिलिलिटरच्या आसपास पाण्यात विरघळवून मग मोजपात्रात 250च्या खुणेपर्यंत पाणी भरायचं. थेट 250 मिलिलिटर पाण्यात मीठ टाकलं तर एकूण आकारमान खुणेच्या वर जातं आणि संहती चुकते. बाटलीवरचं स्फटिकजलही वाचा. बोर्डो मिश्रणासाठी आपण किलोवर आणतो तो निळा मोरचूद (कॉपर सल्फेट) पाच पाण्याचा असतो, म्हणजे त्याच्या स्फटिकात पाण्याचे पाच रेणू असतात, त्याचा रेणुभार 249.7. तिथे निर्जलचा 159.6 धरला तर द्रावण 36 टक्के पातळ होतं. शेतात तेवढं कदाचित चालून जाईल, प्रयोगात पुढचे सगळे आकडे वाया जातात.

इंग्रजीसाठी वेगळा क्लास लावण्यापेक्षा ज्या गाइडकडे जायचंय त्यांचे अलीकडचे पाच-सहा शोधनिबंध वाचा. आधी सारांश, मग आकृत्या, मग पद्धती. प्रत्येकाखाली पाच ओळी लिहा: प्रश्न काय, केलं काय, मिळालं काय. आधी मराठीत, मग इंग्रजीत. अहिराणी बोलणाऱ्या मुलाला सेमिनारमध्ये तोंड उघडायला वेळ लागतो. पहिल्या महिन्यात ‘हा आलेख पुन्हा समजावाल का’ एवढं एक वाक्य इंग्रजीत विचारलं तरी भीड चेपते.

गाइड निवडताना त्यांच्याकडच्या विद्यार्थ्यांशी एकेकटं बोला. किती जणांची पदवी किती वर्षांत झाली, मध्येच सोडून कोण गेलं आणि का, हे विचारण्यात संकोच नको. प्रयोगशाळेचं नाव कितीही मोठं असो, या उत्तरांना जास्त वजन द्या.

घरीही नीट सांगून ठेवा. जेआरएफला वर्षाला 30 दिवस रजा असते, कॉलेजसारखी उन्हाळ्याची किंवा दिवाळीची सुटी वेगळी नसते. कापूस वेचणी, लगीनसराई आणि आखाजी यांतलं कशाला यायचं ते घरच्यांशी बसून ठरवा, आणि भुसावळहून जाणाऱ्या गाडीचं आरक्षण 60 दिवस आधी खुलतं, त्याच दिवशी काढा.