स्टँडबाय आपणहून उठत नाही

नवीन मुलं शिफ्टला आली की मी आधी एकच विचारतो: फायरवॉलचे रूल जिथून टाकतो तो मॅनेजमेंट सर्व्हर बंद पडला तर काय बंद पडेल? बहुतेक जण म्हणतात, नेटवर्क. नाही. फायरवॉलवर शेवटची टाकलेली पॉलिसी, म्हणजे सगळे रूल, तशीच चालत राहते, लॉगही ती तेवढ्यापुरते स्वतःकडे साठवते. अडतं आपलं: नवा रूल टाकता येत नाही. दुसरा सर्व्हर लागतो तो यासाठी: एक काम करतो (अ‍ॅक्टिव्ह), दुसरा तयार बसतो (स्टँडबाय).

मी हे शिकलो चेक पॉइंट कंपनीच्या फायरवॉलवर. एक सर्व्हर रबाळ्याला एमआयडीसीत, दुसरा ठाण्यात. दुसरा इन्स्टॉल करताना विझार्ड विचारतो, प्रायमरी की सेकंडरी? रात्री दोन वाजता मी नेक्स्ट-नेक्स्ट करत प्रायमरीच ठेवलं. असा सर्व्हर स्वतःची सर्टिफिकेट ऑथॉरिटी (ओळखीचं डिजिटल सर्टिफिकेट देणारी यंत्रणा) मांडून बसतो, मग दुसऱ्याच्या हाताखाली जात नाही. सगळं पुसून पुन्हा. (व्हर्जन आणि हॉटफिक्स, म्हणजे दुरुस्तीचे पॅच, दोन्हीकडे एकच हवेत, हे तेवढं आधी पाहिलं होतं.)

पुढे एसआयसी, म्हणजे दोघांची ओळख पटवणं. एकदाच वापरायचा पासवर्ड दोन्हीकडे टाकला, पिंग जात होता, तरी ट्रस्ट काही होईना. तासभर मधल्या फायरवॉलचे रूल चाळले. शेवटी सरांनी फोनवर विचारलं, "अरे, घड्याळ बघितलंस का?" ठाण्याच्या सर्व्हरवर टाइमझोन आपला, पण वेळ कोणीतरी यूटीसीची (जागतिक प्रमाणवेळ) टाकलेली: साडेपाच तास मागे. आत्ता निघालेलं सर्टिफिकेट त्या सर्व्हरच्या हिशेबी अजून सुरूच झालं नव्हतं. एनटीपी (नेटवर्कवरून घड्याळ जुळवणारी सोय) लावलं आणि ट्रस्ट झाला.

सिंक, म्हणजे दोघांकडचा डेटा एकसारखा ठेवणं, सोपं आहे. पब्लिश केलं की बदल पलीकडे जातात. खरी मेख फेलओव्हरची, म्हणजे एक पडला की दुसऱ्याने काम हाती घेण्याची. स्टँडबाय आपणहून अ‍ॅक्टिव्ह होत नाही, माणसाने करावा लागतो. एकदा रबाळ्याचा सर्व्हर बंद होता, म्हणून मी ठाण्याचा अ‍ॅक्टिव्ह करून दोन रूल टाकले. रबाळ्याचा परत आला तो स्वतःला अ‍ॅक्टिव्हच समजत. तिथे दुसऱ्या शिफ्टने आणखी एक बदल केला. आता दोन मालक! एकाला स्टँडबाय केलं की त्याचे बदल पुसले जातात. मी घाईत ठाण्याचा स्टँडबाय केला. सकाळी पॉलिसी इन्स्टॉल झाली आणि अ‍ॅप्लिकेशनवाल्यांचा फोन आला, "रात्री तर चालत होतं."

रूल आठवून पुन्हा टाकले. आता आमच्या हँडओव्हरच्या मेलमध्ये पहिली ओळ असते: अ‍ॅक्टिव्ह कोण, रबाळे की ठाणे.