छोट्या प्रतिकृतींसाठी प्लास्टर: कोणते निवडावे आणि कसे कालवावे

दिवाळीच्या किल्ल्यासाठी तटाचे चिरे, बुरूज, कमानी आणि मावळे घरच्या घरी साच्यात ओतणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा सारखीच असते: साच्यातून काढताना भाल्याचे टोक मोडते, चिऱ्यांच्या कडा झडतात आणि बोट फिरवले की पांढरी पूड हाताला लागते. दोष साच्याला दिला जातो, कधी दुकानदाराला दिला जातो. परंतु कारण बहुधा पाण्यात असते. प्लास्टर किती पाण्यात कालवले यावर त्याची ताकद ठरते आणि किती कमी पाण्यात ते कालवता येते हे त्याच्या प्रकारावर ठरते. हे एकदा ध्यानात आले की कोणती पूड घ्यावी आणि ती कशी कालवावी हे दोन्ही प्रश्न एकाच वेळी सुटू लागतात.

प्लास्टर ऑफ पॅरिस, म्हणजेच पीओपी, तयार होते ते जिप्सम या खनिजापासून. आपल्याकडे राजस्थानातील बिकानेर, नागौर, जैसलमेर या भागांत त्याचे मोठे साठे आहेत. पॅरिसचे नाव मात्र तेथील माँमार्त्र टेकडीच्या जुन्या खाणींमुळे चिकटले. जिप्सम म्हणजे स्वतःच्या स्फटिकात पाणी धरून ठेवणारे कॅल्शियम सल्फेट होय. ते साधारण १२० ते १८० अंश सेल्सियसवर भाजले की त्यातील तीन चतुर्थांश पाणी निघून जाते आणि उरते ती आपण विकत आणतो ती पांढरी पूड. तिच्यात पुन्हा पाणी मिसळले की ती मूळच्या जिप्समकडे परतते, सुईसारखे स्फटिक एकमेकांत अडकत वाढतात आणि घोळाचा दगड होतो. या क्रियेसाठी १०० ग्रॅम पुडीला केवळ १८.६ ग्रॅम पाणी लागते. त्याहून जास्तीचे सगळे पाणी आपण घालतो ते फक्त घोळ ओतता यावा म्हणून. ते पुढे सुकून जाते आणि त्याच्या जागी सूक्ष्म पोकळ्या राहतात. ओतीव वस्तूचा ठिसूळपणा येतो तो या पोकळ्यांतून.

मग पाणी कमीच का घालू नये? कारण साध्या पीओपीच्या कणांना तेवढे पुरत नाही. उघड्या कढईत भाजलेल्या जिप्समचे कण खडबडीत, सच्छिद्र आणि वेडेवाकडे असतात, आणि ते भिजून सैल व्हायला बरेच पाणी पितात. तेच जिप्सम बंद भांड्यात, वाफेच्या दाबाखाली तापवले की कण घट्ट आणि एकसारखे होतात, त्यांना कमी पाणी पुरते आणि दगड अधिक कठीण होतो. पहिल्या प्रकाराला बीटा, दुसऱ्याला अल्फा म्हणतात. रासायनिक सूत्र दोघांचे एकच आहे. फरक आहे तो कणांच्या घडणीचा.

बाजारात काय घ्यावे

हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे पीओपी मुख्यतः छताच्या आणि भिंतीच्या कामासाठी असते. कारागिराला हात फिरवायला वेळ मिळावा म्हणून काही प्रकारांत ते उशिरा धरेल अशी द्रव्ये मिसळलेली असतात, आणि कणही जाडसर असू शकतात. बुरुजाचा गाभा, टेकडीचा पाया, मोठे सपाट भाग यांच्यासाठी ते पुरेसे आहे. याहून चांगले म्हणजे मूर्तिकारांना माल पुरवणाऱ्या दुकानांतले, ओतकामासाठी म्हणून विकले जाणारे बारीक पीओपी. पेण आणि परिसरातील गणेशमूर्तींच्या कारखान्यांत रबराच्या साच्यांतून जे काम होते ते याच जातीच्या मालावर चालते, आणि हात, सोंड अशा नाजूक भागांना बळ यावे म्हणून घोळात नारळाचा काथ्या घालण्याची त्यांची पद्धत आपणही उचलण्यासारखी आहे. लांबट तटबंदी ओतताना मध्ये काथ्याचे थोडे विस्कटलेले धागे दाबले, तर तट तडकला तरी दोन तुकडे होऊन पडत नाही.

बारीक कामासाठी मात्र माझे मत स्पष्ट आहे: दंतवैद्यकाचे साहित्य विकणाऱ्या दुकानातून डेंटल स्टोन आणावा. तेथे तीन दर्जे मिळतात. डेंटल प्लास्टर हे बीटा प्रकारचे, पण स्वच्छ आणि एकसारखे असते. डेंटल स्टोन अल्फा प्रकारचा असतो आणि बहुधा पिवळसर किंवा हिरवट रंगात येतो. डाय स्टोन सर्वांत कठीण आणि सर्वांत महाग. १०० ग्रॅम पुडीला लागणारे पाणी पाहिले की फरक लगेच कळतो: साध्या पीओपीला ६० ते ७५ मिलिलिटर, डेंटल प्लास्टरला ४५ ते ५०, डेंटल स्टोनला २८ ते ३० आणि डाय स्टोनला २२ ते २४. पुडक्यावर निर्मात्याने प्रमाण छापलेले असेल तर तेच पाळावे. मावळ्याची तलवार, दरवाजाचे खिळे, कमानीवरचे नक्षीकाम यांना स्टोनशिवाय पर्याय नाही असे म्हटले तरी चालेल. डाय स्टोनची गरज छंदकामात क्वचितच पडते. शेकडो चिरे ओतायचे असतील आणि खर्च आवाक्यात ठेवायचा असेल, तर बारीक पीओपी आणि स्टोन कोरडेच निम्मे निम्मे मिसळून १०० ग्रॅमला ४५ मिलिलिटरच्या आसपास पाण्यापासून सुरुवात करावी. असे चिरे हाताळायला पुरेसे टणक होतात.

वॉल पुट्टी, व्हाइट सिमेंट आणि चुना या तिन्ही पांढऱ्या पुडी आहेत, परंतु प्लास्टर नाहीत. बाजारातली वॉल पुट्टी सामान्यतः व्हाइट सिमेंटवर आधारलेली असते आणि भिंतीवर पातळ थरात लावण्यासाठी बनवलेली असते. साच्यात ती नीट वाळत नाही. दुकानात मागताना केवळ ‘पांढरे प्लास्टर’ न म्हणता नाव घेऊन मागावे.

पूड ताजी असणे हे दर्जाइतकेच महत्त्वाचे आहे. प्लास्टर हवेतील ओल शोषते, आणि कोकणातल्या पावसाळ्यात अर्धवट उघडी राहिलेली पिशवी काही आठवड्यांत निकामी होऊ शकते. सुरुवातीला अशी पूड अनपेक्षितपणे लवकर आळते, कारण तिच्यात आधीच जिप्समचे बारीक स्फटिक तयार झालेले असतात. पुढे ती उशिरा धरू लागते आणि शेवटी नीट घट्टच होत नाही. म्हणून पिशवी उघडताच माल घट्ट झाकणाच्या डब्यांत भरावा, डब्यावर तारीख घालावी आणि जुन्या डब्यातील पूड वापरण्याआधी चमचाभर कालवून पाहावी. अर्ध्या तासात नखाने ओरखडा न उमटण्याइतकी ती टणक झाली नाही, तर ती महत्त्वाच्या कामाला घेऊ नये. चाळताना गुठळ्या बोटांनी फुटल्या तर हरकत नाही. खड्यासारख्या कडक राहिल्या तर पूड गेलेली आहे.

किती घ्यावे आणि कसे कालवावे

साच्यात पाणी भरून ते मापी पेल्यात ओतले की घोळ किती लागेल ते कळते. नंतर साचा पूर्ण कोरडा करावा. १०० ग्रॅम पीओपी आणि ६५ मिलिलिटर पाणी यांचा घोळ जवळजवळ १०० मिलिलिटर भरतो, तर १०० ग्रॅम स्टोन आणि ३० मिलिलिटर पाणी यांचा ६७ मिलिलिटरच्या आसपास. म्हणजे ३०० मिलिलिटरच्या साच्याला पीओपी सुमारे ३०० ग्रॅम आणि पाणी १९५ मिलिलिटर लागेल, आणि स्टोन असेल तर ४५० ग्रॅम आणि १३५ मिलिलिटर. यावर दहावा हिस्सा वाढवून घ्यावा, कारण भांड्याला लागून थोडा घोळ वाया जातोच. पूड वाटीने मोजू नये. ती दाबून भरली की वेगळी आणि सैल भरली की वेगळी भरते; स्वयंपाकघरातला साधा डिजिटल काटा हे या कामातील सर्वांत उपयोगी साधन आहे. पाणीही काट्यावरच मोजता येते, कारण एक मिलिलिटर म्हणजे एक ग्रॅम.

भांडे लवचीक प्लास्टिकचे किंवा रबराचे घ्यावे आणि ते निर्मळ असावे. आधीच्या घोळाचा पापुद्रा आत राहिला असेल, तर त्यातील स्फटिक नव्या घोळाला बीज पुरवतात आणि तो हातातच आळतो. आधी पाणी घ्यावे, मग पूड. उलट केल्यास तळाशी कोरडे गोळे राहतात. पिण्याचे, घरातल्या तापमानाचे पाणी चांगले. पूड चाळणीतून किंवा बोटांच्या चिमटीतून पाण्याच्या सगळ्या पृष्ठभागावर भुरभुरावी, एका जागी ढीग करू नये. ती पाण्यावर क्षणभर तरंगते, करडी होते आणि बुडते. बुडताना कणांमधली हवा वर निघून जाते. सगळी पूड पडली की एक ते दोन मिनिटे भांड्याला हात लावू नये. उतावीळपणे याच वेळी ढवळल्यामुळे घोळात हवा कोंडते आणि नंतर मावळ्याच्या नाकाच्या जागी खळगा सापडतो.

भिजल्यावर चपट्या पट्टीने किंवा स्पॅच्युलाने भांड्याच्या कडेला घासत, पट्टी घोळाबाहेर न काढता, मिनिटभर सावकाश घोटावे. पीओपीचा घोळ धिरड्याच्या पिठाइतका सैल असावा. स्टोनचा त्याहून दाट वाटतो, परंतु भांडे टेबलावर आपटले की तो सपाट होऊन वाहतो, आणि याच ठिकाणी मनाचा निग्रह लागतो, कारण दाट घोळ पाहून पाणी वाढवण्याची इच्छा प्रत्येकाला होते. वाढवू नये. जास्त वेळ घोटल्यानेही घोळ लवकर आळतो, आणि घट्ट होताना प्लास्टर जे किंचित फुगते ते प्रमाण वाढते. आळू लागलेल्या घोळात पाणी ओतून तो पुन्हा सैल करणे सर्वांत वाईट. जुळत आलेले स्फटिक त्याने तुटतात आणि वस्तू खडूसारखी होते. असा घोळ टाकून द्यावा.

वेळ कमी-जास्त करायची असेल तर पाण्याचे प्रमाण बदलू नये, दुसरे उपाय आहेत. पाणी कोमट, म्हणजे साधारण ३५ अंशांपर्यंत, घेतले तर घोळ लवकर धरतो. कढत पाण्याने उलट उशीर होतो. आधी घट्ट झालेल्या प्लास्टरची वस्त्रगाळ पूड चिमूटभर घातली तरी वेग वाढतो, आणि थोडे मीठही तेच करते, परंतु मिठामुळे वस्तू पुढे ओल धरते, म्हणून ते मी सुचवणार नाही. उशीर हवा असेल तर लिंबूसत्व, म्हणजे सायट्रिक आम्ल, पाण्यात अगदी कणभर विरघळवावे. जास्त झाल्यास ताकद घटते. रंग घालायचा असल्यास फरशीच्या कामाचा ऑक्साइड कोरड्या पुडीत आधीच मिसळावा: कोकणातील जांभ्याच्या तटासाठी लाल, सह्याद्रीच्या काळ्या पाषाणासाठी काळा. फार घालू नये, आणि वाळल्यावर रंग फिका पडेल हे धरून चालावे.

ओतणे, काढणे, वाळवणे

सिलिकॉनचा साचा पाणी झटकतो, त्यामुळे बुडबुडे त्याच्या खाचांत अडकून बसतात. एक पेला पाण्यात भांडी घासायच्या द्रवसाबणाचा थेंब टाकून ते आत फवारावे आणि जास्तीचे झटकून टाकावे. मग मऊ कुंचल्याने घोळाचा पातळ थर खोलगट भागांत, भाल्याच्या टोकांत आणि चेहऱ्यावर फिरवून घ्यावा, आणि उरलेला घोळ एका कोपऱ्यातून बारीक धारेने सोडावा म्हणजे तो हवा पुढे ढकलत जातो. साचा ज्या फळीवर ठेवला आहे ती खालून बोटांनी ठोकत राहावे. लेटेक्स रबराचा साचा ताणला जातो, म्हणून त्याला बाहेरून प्लास्टरची कवची हवीच. नाहीतर मावळा फुगतो.

घोळाच्या पृष्ठावरची चमक साधारण दहा मिनिटांत जाते. त्या क्षणी पोलादी पट्टीने वरचा भाग सपाट करून घ्यावा, नंतर हलवू नये. पुढे वस्तू तापते. उष्णता वाढून पुन्हा उतरली, की साचा उघडावा. पीओपीला अर्धा ते पाऊण तास पुरतो, नाजूक मावळ्याला तासभर द्यावा. साचा वस्तूपासून सोलावा, वस्तू साच्यातून ओढू नये.

या वेळी ती टणक वाटली तरी ओली आहे, आणि ओल्या प्लास्टरची ताकद कोरड्याच्या निम्म्याच्या आसपास असते. जाळीवर, सावलीत, वारा लागेल असे ठेवावे. रोज वजन करावे. दोन दिवस लागोपाठ काटा तोच आकडा दाखवू लागला की वस्तू वाळली. घाईसाठी ओव्हन वापरायचा असल्यास ४५ अंशांच्या वर जाऊ नये, कारण जास्त उष्णतेने जिप्सममधले पाणी पुन्हा निघू लागते आणि पृष्ठभाग भुसभुशीत होतो. रंगापूर्वी पातळ केलेल्या ॲक्रिलिक प्रायमरचा हात द्यावा. अंगणातल्या किल्ल्यासाठी वरून वॉर्निशही लागते, कारण जिप्सम पाण्यात थोडे थोडे विरघळते आणि अवकाळी सरीत उघड्या चिऱ्यांच्या कडा बोथट होतात.

चाळताना तोंडावर मास्क आणि डोळ्यांवर चष्मा असावा. हाताचा ठसा घेण्यासाठी हात प्लास्टरमध्ये बुडवणे धोक्याचे आहे. जाड घोळ ६० अंशांपर्यंत तापू शकतो आणि तोवर हात आत अडकलेला असतो; इंग्लंडमध्ये २००७ साली एका शाळकरी मुलीने यातच बोटे गमावली. ठसा आल्जिनेटमध्ये, म्हणजे दंतवैद्य दातांचा ठसा घ्यायला वापरतात त्या मऊ द्रव्यात, घ्यावा आणि त्यात प्लास्टर ओतावे. विसर्जनाची मूर्ती करायची असेल तर प्लास्टर नको, शाडू घ्यावा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनाही पीओपीच्या मूर्तींच्या विरोधातच आहेत.

उरलेला घोळ मोरीत किंवा सिंकमध्ये कधीही ओतू नये, कारण प्लास्टर पाण्याखालीही घट्ट होते आणि नळी कायमची बुजते. तो भांड्यातच घट्ट होऊ द्यावा. भांडे वाकवले की कवच सुटते आणि ते सुक्या कचऱ्यात जाते. हात आणि कुंचले बादलीत धुवावेत, बादली रात्रभर तशीच ठेवावी, वरचे निवळलेले पाणी ओतून द्यावे आणि तळाचा गाळ वाळवून कचऱ्यात टाकावा.