लग्नातली वाजंत्री: आधी कुठे वाजवायचं नाही ते ठरवा

आपल्या जुन्या मराठी मंगलाष्टकांत एक ओळ वाजंत्र्यांना चक्क फार गलबला करू नका म्हणून बजावते. म्हणजे ही तक्रार आजची नाही. माझ्या मावसबहिणीच्या लग्नात तिसऱ्या मंगलाष्टकाच्या ‘सावधान’लाच बँडने दणका दिला. अंतरपाट अजून धरलेला, आत्या चौथं म्हणायला घडीचा कागद उलगडून उभी (आदल्या रात्री जागून तिनेच रचलेलं), आणि निम्मा मांडव ‘लागलं एकदाचं’ म्हणत जेवणाच्या हॉलकडे निघालेला. बँडवाल्याला काय बोलणार? मंगलाष्टकं किती आहेत, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

१. दिवसाचे तुकडे पाडा

हळद, सीमांतपूजन, मुहूर्त, सप्तपदी, पंगत, स्वागत समारंभ, वरात असं कागदावर उतरवा. प्रत्येकापुढे तीनपैकी एक शब्द लिहा: जोरात, हळू, बंद. ‘बंद’ आधी भरा. मंगलाष्टकं, कन्यादान, सप्तपदी यांना बंद. पंगतीला हळू, नाहीतर उखाणे कुणालाच ऐकू जात नाहीत. उरलेल्या जागेत काय वाजवायचं, ते त्यानंतर.

२. कार्यालयाला विचारा

हॉलचे पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्या. सनईवाल्यांना बसायला प्रवेशापाशी माच किंवा ओटा आहे का? वीज गेली तर साउंड जनरेटरवर चालतो का? आणि लॉन असेल तर शेजारच्या लॉनवर त्या दिवशी काय आहे? ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद ठेवावा लागतो, आणि एरवीही लावायला लेखी परवानगी लागते. दवाखाना, शाळा, न्यायालयाभोवतीचे किमान १०० मीटर सरकारने शांतता क्षेत्र म्हणून जाहीर केलेले असू शकतात. वरातीचा रस्ता ठरवताना हे आधीच बघा. पोलिसांची गाडी आल्यावर वाद घालण्यात अर्थ नसतो.

३. सनई: माणसं की पेनड्राइव्ह?

माझं मत विचाराल तर एकाच गोष्टीवर पैसे खर्च करायचे असतील तर जिवंत सनई-चौघड्यावर करा. एक जण वाजवतो, दुसरा नुसता सूर धरून बसतो, गाल फुगलेले आणि श्वास तुटत नाही. लहान पोरं समोर उभी राहून तेच बघत असतात. शिवाय माणसांना ‘जरा थांबा’ म्हणता येतं, आणि नवरी उशिरा तयार झाली तर ते तेच गाणं आणखी दहा मिनिटं खुलवतात.

बजेट नसेल तर पेनड्राइव्ह चालेल, पण तो घरी भरा. कार्यालयाच्या पेनड्राइव्हवर बहुधा एकच तुकडा दिवसभर फिरत असतो. सकाळी भैरव किंवा तोडी, दुपारच्या मुहूर्ताला वृंदावनी सारंग, गोरज मुहूर्त असेल तर पूर्वी आणि त्यानंतर यमन. राग ओळखणारा पाहुणा एखादाच असतो, पण सकाळच्या मांडवात संध्याकाळचा सूर लागला की काहीतरी बिनसल्यासारखं इतरांनाही वाटतं.

४. घरातले आवाज आधी मोजा

घाणा भरताना ओव्या म्हणणारी एखादी आजी अजून असेल तर तिथे स्पीकर लावू नका. आगरी घरांत धवलारीण धवले (लग्नातली पारंपरिक गाणी) गाते, तिची वेळ आधी विचारून ठेवा, डीजेवाला मग. गोंधळ घालायचा असेल तर त्याला वेगळी रात्र द्या. संबळ-तुणतुण्याला रंग चढायलाच वेळ लागतो. स्वागत समारंभात अर्ध्या तासाचा ‘गोंधळ आयटम’ बसवणं मला तरी पटत नाही.

५. वरातीची सुपारी

बँड, बेंजो, हलगी, ढोल-ताशा की डॉल्बी, हे गल्लीच्या रुंदीवर ठरवा. अरुंद बोळात डॉल्बी म्हणजे खिडक्यांच्या काचांशी वैर. सुपारी देण्याआधी त्या पार्टीला दुसऱ्याच्या वरातीत एकदा ऐका. मोबाईलवरचे व्हिडिओ सगळ्यांचेच छान असतात. इसार देताना कागदावर लिहून घ्या: माणसं किती, किती वाजता येणार, किती तास, जादा तासाचे किती, जेवण आणि गाडीभाडं कुणाचं, आणि त्याच दिवशी आधी दुसरी सुपारी आहे का. या शेवटच्या प्रश्नाला उत्तर देताना माणूस जरा इकडेतिकडे बघायला लागला, तर दुसरी पार्टी शोधा.

६. गाण्यांचा परवाना

लग्नात गाणी लावायला परवाना घ्या, असं एखादं हॉटेल सांगतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये लग्नाची वरात आणि लग्नाशी निगडित समारंभांना सूट आहे, आणि केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये तसं जाहीर सूचनेने पुन्हा स्पष्ट केलं. त्या सूचनेची प्रत मोबाईलमध्ये ठेवा.

७. इशारा एकाच्याच हातात

‘काय कधी वाजवायचं’ हे सांगणारा माणूस एकच हवा. तो नवरा-नवरीचा बाप नको, त्यांना त्या दिवशी कशाचंच भान नसतं. मंगलाष्टकं म्हणणाऱ्या सगळ्यांची यादी त्याने भटजींना आणि वाजंत्र्यांना आधी द्यावी, आणि शेवटच्या ‘सावधान’ला रुमाल वर करावा. रुमाल लाल घ्या. आमच्या काकांनी पांढरा घेतला होता, दुसऱ्या मंगलाष्टकाला त्यांनी त्यानेच कपाळावरचा घाम पुसला, आणि चौघडा सुरू झाला.