लेकरं घेऊन अंदमानला जायचं असेल त (आपल्या गावाकडून)

सगळ्यात आधी महिना पक्का करा, तिकीट-हॉटेल नंतर. आपल्याकडे विदर्भात शाळा उघडते जूनच्या शेवटाला, म्हणून सगळ्यांच्या डोक्यात मे महिनाच असतो. पण पावसाळा देशात सगळ्यात आधी अंदमानलाच पोचतो, मे अर्धा झाला की कधीही. आपण इथं ४५ डिग्रीत आभाळाकडे पाहत असतो तेव्हा तिथं समुद्र खवळलेला असतो, बोटी रद्द होतात अन् लेकरं हॉटेलच्या खोलीत बसून राहतात. दिवाळीचं म्हणाल त तेव्हा सोयाबीन नुकतं निघालेलं अन् कापूस वेचणीला आलेला, घर सोडवत नाही, अन् तिकडेही नोव्हेंबरपर्यंत पाऊस येत-जात असतो. हवा सगळ्यात चांगली जानेवारी ते मार्च, पण शाळा असते. आम्ही पोरांची परीक्षा संपल्याबरोबर निघालो, एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात. वावरात तेव्हा पऱ्हाटी उपटून झालेली असते, नांगरणी उरकून निघता येते. लग्नसराई आडवी येते हे खरं, आमचं एक जवळचं लग्न हुकलं, मामेबहिणीचं, पण तिला आधीच घरी जाऊन साडी देऊन सांगून आलो होतो म्हणून राग धरला नाही तिनं. तुम्हीही तसंच करा.

आम्ही पाच जण होतो, मी, मिस्टर, नऊ वर्षांची पोरगी, चार वर्षांचा पोरगा अन् सासूबाई. आमचं गाव दारव्ह्याकडचं, पोरांनी मोठं पाणी पाहिलं ते अरुणावतीच्या धरणाचं तेवढंच. सासूबाई म्हणे काळ्या पाण्याला कोणी हौसेनं जाते का, त्यांना तयार करायलाच पंधरा दिवस गेले. जनावरांचंही आधीच ठरवा, दूध कोण काढणार, वैरण-पाणी कोण करणार, नाहीतर तिथं बसून रोज गावातच फोन चालतात.

जायचं कसं. नागपूरहून अंदमानला थेट विमान नाही, चेन्नई नाहीतर कोलकाता नाहीतर दुसरीकडे बदलावंच लागते, अन् पाच जणांचे दोन-दोन विमानाचे पैसे जड जातात. आम्ही चेन्नईपर्यंत रेल्वेनं गेलो. जीटी किंवा तमिळनाडू एक्स्प्रेसनं नागपूरहून बसलं की दुसऱ्या दिवशी सकाळी चेन्नई, चंद्रपूर-बल्लारशाहकडच्या लोकांना त ही लाइन घरचीच. वऱ्हाडातल्यांना बडनेऱ्याहून गीतांजलीनं हावडा सोपं पडते, कोलकात्याहूनही विमान तेवढंच, सव्वादोन तासांच्या आसपास. रेल्वेचं रिझर्वेशन आता ६० दिवस आधी उघडते, पण विमानाचं त्याच्याही आधी पाहून ठेवा, कारण खर्चातला मोठा वाटा तोच आहे. अंदमानची विमानं बहुतेक सकाळ-दुपारची असतात म्हणून रेल्वेनं पोचल्याच्या दिवशीचं विमान धरू नका, गाडी चार तास लेट झाली की सगळं गेलं. एक रात्र चेन्नईत काढा. सेंट्रल स्टेशनवरून मेट्रो थेट एअरपोर्टला जाते, सामान घेऊन ऑटोवाल्यांशी भाव करत बसायची गरज नाही. चेन्नईहून जहाजही जाते, पण समुद्रात तीन दिवस लागतात, लहान लेकरांना घेऊन ते करू नका.

कागदपत्रात एवढंच की लेकरांचं आधार किंवा जन्माचा दाखला जवळ पाहिजे. दोन वर्षांखालचं बाळ विमानात मांडीवर चालते, पण वय दाखवावं लागते, दोनच्या वरच्याला पूर्ण सीट. रेल्वेत पाचच्या खालच्याला तिकीट नाही, पण बर्थही नाही. आपल्याला अंदमानच्या मुख्य बेटांसाठी परमिट लागत नाही. अन् नावांचा घोळ लक्षात ठेवा, पोर्ट ब्लेअरचं नाव २०२४ पासून श्री विजयपुरम, हॅवलॉक म्हणजे स्वराज द्वीप, नील म्हणजे शहीद द्वीप, रॉस म्हणजे नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप, बोलताना लोक जुनीच नावं घेतात अन् तिकिटावर कुठं जुनं कुठं नवं असते.

आता खरी गोष्ट, किती दिवस अन् किती ठिकाणं. एका एजंटनं आम्हाला पाच दिवसांचा प्लॅन दिला होता, त्यात पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक, नील अन् चुनखडीच्या गुहांचं बाराटांग बेट सगळं कोंबलं होतं, रोज सकाळी बॅग भरा अन् बोट पकडा. मी मिस्टरांना म्हटलं ही काय वरात आहे का. ज्या लेकरांनी समुद्र पाहिलाच नाही त्यांना आधी त्याची ओळख होऊ द्या, अन् ओळख व्हायला दिवस लागतात. आम्ही सहा रात्रींचं केलं, पोहोचल्यावर एक पोर्ट ब्लेअर, मग सलग तीन हॅवलॉक, एक नील, शेवटची परत पोर्ट ब्लेअर. बाराटांग काढूनच टाकलं. त्यासाठी मध्यरात्रीनंतर उठून गाड्यांच्या ताफ्यात जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जावं लागते, तिथं थांबायला, फोटो काढायला, खायला द्यायला बंदी आहे अन् ती बरोबरच आहे, माणसं आहेत ती, खिडकीतून पाहायची वस्तू नाही. चुनखडीच्या गुहा पाहायच्या असतील त लेकरं मोठी झाल्यावर जा.

तीन रात्री एका ठिकाणी काऊन म्हणते ते सांगते. पहिल्या संध्याकाळी राधानगर किनाऱ्यावर गेलो. टाइम मासिकानं २००४ मध्ये आशियातला सगळ्यात चांगला किनारा म्हटलेला तो हाच. पोरगी पळत गेली, अन् पोरगा बापाच्या खांद्यावरून उतरेचना. लाट परत जाताना पायाखालची रेती ओढून नेते, धरणात-विहिरीत असं कधी होत नाही, लेकराला वाटते जमीनच पळून चालली. जबरदस्ती केली नाही आम्ही. त्या दिवशी तो नुसता रेतीत खड्डे करत बसला. दुसऱ्या दिवशी आजीचा हात धरून पाणी पायाला लागू दिलं, तिसऱ्या दिवशी सकाळी स्वतः जाऊन लाटेत बसला अन् मग बाहेर यायला तयार नाही. पाच दिवसांच्या धावपळीत हे झालं नसतं, रडत गेला अन् रडत परत आला असता.

घरूनच थोडी तयारी करून न्या. पोरीला मार्च महिन्यात विहिरीत ट्यूब बांधून पोहायला शिकवलं, पोरगा नुसता टाक्यात डुबक्या मारत होता, पण डोळे-नाकात पाणी गेलं की घाबरायचं नाही एवढं तरी त्याला समजलं. फक्त लेकरांना हे सांगा की विहिरीत पोहता येते म्हणजे समुद्रात येते असं नाही. आमच्या घरचे तीन नियम होते, रोज किनाऱ्यावर पाय ठेवायच्या आधी पोरांकडून म्हणून घ्यायचो. समुद्राकडे पाठ करायची नाही. गुडघ्याच्या वर पाणी आलं की मोठ्या माणसाचा हात. बोलावलं की एका हाकेत बाहेर. मोठ्यांसाठी चौथा, एका वेळी एकानं फक्त लेकरांकडेच पाहायचं, हातात मोबाईल नाही, अन् पाळी बदलताना तोंडानं सांगायचं, "आता तुझ्याकडे." सगळेच पाहत आहेत असं वाटते तेव्हा कोणीच पाहत नसते.

अंदमानला खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, खोटं नाही सांगत. जिथं मगरीची पाटी लागली असेल तिथं, अन् खाडीच्या तोंडाशी, खारफुटीच्या झाडांजवळ पाण्यात उतरायचंच नाही. जिथं लाइफगार्ड बसले आहेत, बाकीचे लोक पोहत आहेत तिथंच, अन् लाइफगार्डनं शिट्टी मारली की वाद न घालता बाहेर. हॉटेलवाल्याला रोज सकाळी भरती-ओहोटीची वेळ विचारून घ्या, साधारण सहा तासांनी पाणी चढते-उतरते. नीलच्या भरतपूर किनाऱ्यावर पाणी उथळ आहे, लेकरांसाठी मला तो सगळ्यात आवडला, पण ओहोटीत खाली टोकदार प्रवाळ उघडं पडते, पाय कापतात, म्हणून रबराची मागून पट्टा असलेली सॅन्डल घालूनच पाण्यात. काचेच्या तळाची बोटही तिथं मिळते, सासूबाईंनी पाण्यात पाय न बुडवता मासे पाहिले त्यातून, अर्धा तास काही बोलल्याच नाहीत.

एलिफंट बीचला हॅवलॉकच्या जेटीवरून छोट्या बोटीनं जातात, वारा असला की बंद ठेवतात. पोरीनं तिथं स्नॉर्केलिंग केलं, म्हणजे तोंडात नळी धरून पाण्यावर तरंगत खालचं पाहणं, लाइफ जॅकेट, ट्यूब अन् सोबत माणूस, तोंडानं श्वास घ्यायचा सराव आधी हॉटेलच्या बादलीत करून घ्या. लहान पोराला आम्ही नुसतं चष्मा लावून काठावर पाहू दिलं. स्कूबाला (पाठीवर हवेची टाकी लावून पाण्याखाली जाणं) दहा वर्षांखालच्यांना सहसा घेत नाहीत, कोणी घेतो म्हणाला तरी देऊ नका.

दिवसाचं टाइमटेबल बदलावं लागते. अंदमान आपल्यापेक्षा इतकं पूर्वेला आहे की सूर्य तासभर आधी निघते अन् तासभर आधी बुडते, घड्याळ मात्र तेच. एप्रिल-मेमध्ये पाचला उजाडते अन् साडेपाचला सूर्य गेलेला असतो. म्हणून पाचला उठा, सहा ते नऊ पाण्यात, मग जेवण अन् लेकरांची झोप, परत साडेतीनला किनारा. गावाकडच्या लेकरांना पहाटे उठायची सवय असतेच, हा आपला फायदा आहे. अन् ३१-३२ डिग्री ऐकून आपल्या लोकांना वाटते काय ते ऊन, पण दमटपणा असा की घाम वाळतच नाही, अन् रेती-पाण्यावरून ऊन उलटून लागते. आमच्या पोरीची पाठ पहिल्याच दिवशी लाल झाली. पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट घालूनच पाण्यात सोडा, सनस्क्रीन दोन-दोन तासांनी परत लावा, ओआरएसची पाकिटं जवळ ठेवा. संध्याकाळी रेतीत बारीक माशा चावतात, दिसत नाहीत पण चार दिवस खाजवते, फुल पॅन्ट अन् मच्छरची क्रीम लावूनच बसा.

बोटीचं. पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉक प्रायव्हेट बोटीनं दीड तासाच्या आसपास, सरकारीनं अडीच, सरकारी स्वस्त आहे पण सुट्टीत तिकीट मिळणं अवघड. लेकरांना उलटी होते, आमच्या दोघांनाही झाली जाताना, कारण मी रिकाम्या पोटी नेलं, वाटलं खाल्लं नाही त उलटी नाही. उलट आहे ते. कोरडी पुरी, बिस्किट असं थोडं खाऊ घाला, उलटीचं औषध गावच्या डॉक्टरला लेकराच्या वजनाप्रमाणे विचारून आधी द्या, मधल्या सीटवर बसवा, दूर जिथं पाणी अन् आभाळ भेटते तिथं पाहायला लावा, मोबाईल अजिबात नाही. आतमध्ये एसी कडक असते, एक शाल वर ठेवा.

खाण्याची सोय होते, डाळ-भात, पोळी, इडली सगळं मिळते, हॅवलॉक-नीलवर बंगाली वस्ती आहे त्यामुळे मासळीही मस्त, पण आपल्या चवीचं तिखट कुठं मिळत नाही. जवसाची चटणी, शेंगदाण्याची चटणी, चिवडा न्याच. तेलाचं लोणचं, तूप हातातल्या बॅगेत ठेवलं की एअरपोर्टवर काढतात, ते पक्कं बंद करून खालच्या बॅगेत टाका. सुकं खोबरं मात्र खालच्या बॅगेतही चालत नाही, जळाऊ म्हणून, आमच्या सासूबाईंच्या चार वाट्या तिथंच राहिल्या. पॉवर बँक उलट हातातल्याच बॅगेत. बेटांवर नेटवर्क कधी येते कधी जाते, यूपीआयच्या भरोशावर राहू नका, थोडी रोख पोर्ट ब्लेअरहूनच नेऊन ठेवा. हॅवलॉकला सरकारी दवाखाना आहे, पण मोठं हॉस्पिटल पोर्ट ब्लेअरलाच, म्हणून ताप, उलटी, जुलाब, खरचटणं याची औषधं घरूनच.

सेल्युलर जेल शेवटी ठेवू नका, पहिल्याच दिवशी दाखवा, लेकरं ताजी असतात. १९०६ साली बांधून झालेली, सात विंग होत्या, आता तीन उरल्या. सावरकर १९११ ला तिथं आणले गेले, हे पोरीला शाळेतून थोडं माहीत होतं, पण कोठडीत उभी राहिल्यावर तिनं विचारलं की यांना पाणी कोण देत होतं. लाइट अँड साउंड शो लहान्यासाठी लांब होते, झोपला तो.

शंख-शिंपले, प्रवाळाचे तुकडे घरी आणायचे नाहीत. प्रवाळाला वन्यजीव कायद्यानं संरक्षण आहे अन् एअरपोर्टवर बॅगा तपासतात. लेकरांना आधीच सांगून ठेवा नाहीतर तिथं रडारड होते. आमच्या पोरीनं एक वही नेली होती, सापडलेला शंख पाहायचा, वहीत काढायचा अन् होता तिथंच ठेवायचा.

परतीच्या आदल्या रात्री पोर्ट ब्लेअरलाच मुक्काम करा, बेटावर थांबलात अन् बोट रद्द झाली त विमान जाते. चेन्नईहून गाडी रात्रीची घ्या म्हणजे विमान लेट झालं तरी चालते. ओले कपडे वेगळ्या पिशवीत बांधून आणा, घरी आल्याबरोबर साध्या पाण्यातून तीन वेळा काढा, नाहीतर वाळल्यावर मीठ तसंच राहते अन् लेकरांच्या अंगाला खाज सुटते.