हूणांवर लिहिताय? या चुका टाळा

हूणांवरचा लेख हातात आला की मी आधी सनावळी तपासतो. ही खोड मला एका दिवाळी अंकाने लावली. मुद्रितं माझ्याकडे होती. मध्य प्रदेशातल्या सागर जिल्ह्यातल्या एरणच्या वराहमूर्तीच्या फोटोखाली लेखकाने लिहिलं होतं, ‘अ‍ॅटिलाचा नातू तोरमाण याच्या काळातला’. मी ऱ्हस्वदीर्घ बघत बसलो आणि नातू छापून गेला. चार दिवसांनी एका निवृत्त मास्तरांचा फोन आला, “काय हो, नातवाची मुंज हंगेरीत लागली की सागर जिल्ह्यात?”

अ‍ॅटिला हा युरोपातल्या हूणांचा राजा, इ.स. ४५३ मध्ये तिथेच मेला. तोरमाण हा भारतात हूण म्हणून ओळखला जाणारा राजा. त्याच्या पहिल्या राज्यवर्षातला संस्कृत लेख इ.स. ५०० च्या आसपासचा, त्या वराहाच्या छातीवर कोरलेला. त्यात तो महाराजाधिराज आहे, पण अ‍ॅटिलाचा उल्लेख नाही आणि ‘हूण’ हा शब्दही नाही. त्याचं नातं शोधायचं तर अल्खोन, म्हणजे भारताच्या वायव्येकडच्या हूण गटाच्या राजांच्या नाण्यांत शोधा. पण नाणी वाचायला वेळ लागतो. नकाशावर बाण काढायला दोन मिनिटं पुरतात. नवख्यांना बाणच आवडतो.

दुसरी चूक थोडी शहाण्या लोकांची: ‘शिओंग्नू म्हणजेच हूण, विषय संपला.’ शिओंग्नू म्हणजे चीनच्या उत्तरेकडच्या गवताळ प्रदेशातले भटके लोक. दोघे एकच याला पुरावा नाही असं नाही. चीनमधल्या दुनहुआंगजवळ १९०७ मध्ये संशोधक ऑरेल स्टाइनना सोग्दियन, म्हणजे मध्य आशियातल्या व्यापाऱ्यांच्या भाषेतली पत्रं सापडली. त्यातल्या एका पत्रात एक व्यापारी ३११ मधल्या लोयांग या चिनी राजधानीच्या लुटीबद्दल लिहितो आणि लुटणाऱ्या शिओंग्नूंना ‘ख्वन’ म्हणतो. नाव जुळलं, ठीक. पण नाव वारशाने येतं तसं दराऱ्यासाठी उचलताही येतं. म्हणून मी वहीत चार रकाने आखतो: कोणाला म्हटलं, कोणी, कुठे, कधी. एकही रकाना रिकामा राहिला तर ते वाक्य कापतो. लेखक रुसतात. रुसू देत.

डीएनएच्या बातमीचा नुसता मथळा वाचून लिहू नका. कार्पेथियन खोऱ्यातल्या (आजच्या हंगेरीच्या आसपासच्या) हूणकाळातल्या मोजक्याच सांगाड्यांत शिओंग्नू उमरावांशी नातं दिसलं. बाकी सगळी सरमिसळ.

हूणकाळातल्या सांगाड्यांत दिसणारी लांबुडकी कवटी ही जात नव्हे. तान्हेपणी डोकं आवळून बांधायची ती चाल होती.

‘अ‍ॅटिलाचे हूण तुर्की बोलत’ हे छातीठोकपणे लिहू नका. व्यक्तिनामं सोडली तर त्यांच्याकडचे म्हणून जेमतेम तीन शब्द टिकलेत, आणि तेही हूणांचेच असतील असं नाही.

आणि कृपा करून शिवकालीन होन हूणांच्या खात्यावर जमा करू नका. तो कन्नड ‘होन्नु’, म्हणजे सोनं.