पेंचच्या खोऱ्यात सायकल : नागपूर ते सिल्लारी आणि परत

नागपूरहून पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या सिल्लारी गेटपर्यंत सुमारे ७० किलोमीटर. सायकलची सवय असलेल्याला हे एका दिवसाचं काम वाटतं, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. सकाळी सातला निघायचं, चहा-पोह्यांना दोनदा थांबायचं, मनसरला निवांत जेवायचं, वाटेत एक पंक्चर. पवनीच्या फाट्यावर पोचेपर्यंत चार वाजून गेलेले असतात. पुढचा आतला रस्ता जंगलाचा, आणि डिसेंबरात सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो.

म्हणून इथला बेत शेवटाकडून आखायचा. दुपारी ४ वाजता मुक्कामाच्या दारात सायकल उभी असली पाहिजे, आणि सकाळी ८ च्या आधी जंगलाच्या रस्त्यावर चाक घालायचं नाही. मधल्या आठ तासांत काय बसतं ते बघा. सामान लादलेली सायकल थांबे सोडून डांबरी रस्त्यावर तासाला १४-१५ किमी जाते, मुरमावर ८-९. एका दिवसाला ५० किमी पुष्कळ झाले.

हंगाम आणि परवानगी

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत. मार्चच्या उत्तरार्धात मोह गळायला लागतो. भल्या पहाटे माणसं फुलं वेचायला रानात असतात आणि अस्वलंही त्याच झाडाखाली येतात. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हाचा विचारच नको. पावसाळ्यात, १ जुलै ते ३० सप्टेंबर, गाभा क्षेत्रातलं पर्यटन बंद असतं. रपट्यावरून पाणी वाहत असतं ते वेगळंच.

सिल्लारी, चोरबाहुली, खुर्सापार, कोलितमारा या गेटांच्या आत स्वतःची सायकल नेता येत नाही. तिथे नोंदणी झालेली जिप्सी आणि गाइड लागतो. सफारी करायची तर आधी ऑनलाइन बुकिंग करा आणि सायकल मुक्कामी कुलूप लावून ठेवा. सायकल चालवायची ती महामार्गावर आणि गावांना जोडणाऱ्या डांबरी रस्त्यांवर. मोबाइलच्या नकाशावर जंगलात दिसणाऱ्या बारीक रेघांवर विसंबू नका, त्यातल्या बऱ्याच वनविभागाच्या गस्तीच्या वाटा असतात. नाक्यावरचा वनरक्षक ‘नाही’ म्हणाला की विषय संपला. जंगलात तंबू ठोकायचा नाही. सिल्लारीत वनविभागाचं निवास संकुल आहे, रामटेकला लॉज आहेत.

टायर, ट्यूब आणि बाभूळ

या सहलीत सायकल बिघडण्याचं पहिलं कारण म्हणजे बाभळीचा काटा. शेताच्या कुंपणाला बाभळीच्या फांद्या टाकलेल्या असतात, बैलगाडीबरोबर त्या रस्त्यावर येतात. वाटेच्या कडेला गोखरू असतोच. रेसिंगचे २५-२८ मिमीचे टायर घरी ठेवा. ७०० सी ची (मोठ्या, बारीक चाकांची) सायकल असेल तर ३५ ते ४० मिमी, एमटीबी (डोंगरी सायकल) असेल तर २ इंची, शक्यतो कमी खाचांचा टायर. माणूस ७५ किलोचा आणि सामान १० किलोचं धरलं, तर ३८ मिमीच्या टायरमध्ये मागे ५० आणि पुढे ४५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा. मुरमावर दोन्हींतून ८-१० पीएसआय कमी करा, नाहीतर हात बधिर होतात.

पंक्चर काढताना होणारी चूक नेहमीची. ट्यूब बदलली, हवा भरली, दोन किलोमीटरवर पुन्हा बसली. काट्याचं टोक टायरच्या रबरात मोडून राहिलेलं असतं. टायर हातात सैल असताना ते आत दिसत नाही. वजन पडून रबर दबलं की ते आतल्या बाजूला डोकावतं. त्यामुळे टायर पूर्ण काढा, आतली बाजू बाहेर वळवून वीत-वीतभर दुमडत जा आणि कापसाचा बोळा फिरवा. बोळ्याचा धागा अडकला तिथे टोक आहे. नेलकटरने पकडून ते बाहेरच्या बाजूने ओढा, आतून ढकला. मग जुन्या ट्यूबचं भोक टायरवर ज्या जागी येतं तिथेच काटा होता का, हेही ताडून पाहा. जुळत नसेल तर दुसरा काटा शोधायचा आहे.

माणशी २ ट्यूब, गटात मिळून १० पॅच आणि सोल्यूशनची न फोडलेली ट्यूब घ्या. दुकानात ‘सुलेशन’ मागितलं तरी मिळतं. एकदा उघडलेलं सोल्यूशन महिन्याभरात वाळतं, आणि हे पेटीतून बाहेर काढल्यावरच कळतं. काचपेपरने घासून सोल्यूशन पातळ लावा, चार-पाच मिनिटं वाळू द्या, मगच पॅच दाबा. ओल्यावर चिकटवलेला पॅच उन्हात सरकतो.

वाटेतल्या पंक्चरवाल्याकडे ट्यूब मिळेल या भरवशावर राहू नका. त्याच्याकडे २६ आणि २८ इंची ट्यूब असते, जुन्या वालची. २८ इंची ट्यूब ७०० सी च्या ३८ मिमी टायरमध्ये थोडी दुमडून बसते, पण रिमचं भोक बारीक वालचं म्हणजे साडेसहा मिमीचं असेल तर तो जाड वाल आत जातच नाही. भोक साडेआठ मिमीचं असेल तर निभावतं.

काळी माती

आदल्या रात्री पाऊस पडला असेल तर शेतातली पायवाट, कितीही जवळची असो, सोडून द्या. काळी माती ओली असताना आधी टायरच्या खाचा भरते, मग गवताच्या काड्या आणि खडे उचलते, मग ब्रेकपाशी आणि मडगार्डखाली थापली जाते. पन्नास पावलांत चाक फिरायचं थांबतं. त्या वेळी पेडल जोरात मारलं की मागच्या गिअरचा हँगर (गिअर ज्यावर लटकतो ती धातूची पट्टी) वाकतो किंवा तुटतो, आणि तो कुठल्याही गावात मिळत नाही. उतरा, सायकल उचलून गवतावर किंवा मुरमावर न्या, काडीने माती खरवडा. पाणी ओतलं तर ती आणखी चिकटते. पूर्ण वाळली की आपोआप ढेकळं पडतात. लाल मुरूम मात्र पावसानंतरही चालतो.

चेनला घट्ट तेल किंवा ग्रीस नको. कन्हान भागात कोळशाचे ट्रक, मनसर-कांद्रीला मँगनीजच्या खाणी. ही धूळ तेलात कालवली की चेनवर काळी चटणी तयार होते. कोरड्या हवेचं पातळ ल्यूब रोज संध्याकाळी दर कडीला एक थेंब, दहा मिनिटांनी बाहेरून फडक्याने पुसून.

सामान ८-१० किलोच्या आत, मागच्या कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना सारखं वाटून, जड वस्तू खाली. कॅरिअरचे ५ मिमीचे बोल्ट पहिल्याच दिवशी ढिले होतात. दुपारी एकदा, रात्री एकदा पिळून घ्या. दोन बोल्ट जादा. मागच्या चाकाचे आरे निघण्याआधी तपासून घ्या, वजन तिथेच पडतं.

चार दिवसांचा मार्ग

पहिला दिवस नागपूर-रामटेक, ५० किमी. कामठी रोडने पहाटे सहाला शहर सोडा, लाल दिवा मागे आणि पांढरा पुढे. कामठी, कन्हान, आमडी फाटा, मनसर. कन्हानपर्यंत ट्रकच ट्रक, तिथे घाई करू नका, डावी कड सोडू नका. रामटेकला गडावर जायचं तर सामान खाली ठेवा. चढ छोटा पण खडा आहे, आणि वरची वानरं हँडलला लटकवलेली केळ्यांची पिशवी सोडत नाहीत.

दुसरा दिवस रामटेक, मनसर, चोरबाहुली, पवनी, सिल्लारी. अंतर कमी, म्हणून आठला निघालं तरी जेवणाच्या वेळेला पोचता. महामार्ग ४४ च्या या जंगलपट्ट्यात रस्त्याखालून वन्यप्राणी जावेत म्हणून ५० मीटरपासून ७५० मीटरपर्यंत लांबीची ९ भुयारं आणि पूल केले आहेत. वरून जाताना कडेला प्रकाश आणि आवाज अडवणाऱ्या भिंती दिसतात. तिथे फोटोसाठी थांबू नका, मागून येणाऱ्या ट्रकला तुम्ही उशिरा दिसता. सिल्लारीला रात्र काढा. पेंचला २०२४ साली डार्क स्काय पार्क (दिव्यांच्या उजेडापासून जपलेलं काळंभोर आकाश) म्हणून मान्यता मिळाली, अमावस्येच्या आसपास गेलात तर ते का ते कळेल.

तिसरा दिवस त्याच रस्त्याने आमडी फाट्यापर्यंत मागे, तिथून पारशिवनी. वेळ उरला तर नवेगाव खैरीचं धरण. चौथ्या दिवशी सुमारे ४५ किमी, नागपूर.

जनावर आणि पाणी

चौघांनी जावं, तिघांनी चालेल, एकट्याने नाही. दोन सायकलींत २०-३० मीटर, कानात काही नको, वळणावर घंटी. वानराचं ‘खॉक-खॉक’ किंवा चितळाची तीक्ष्ण हाक सलग ऐकू आली की थांबा आणि आवाज थांबेपर्यंत पुढे जाऊ नका.

वाघ, बिबट्या किंवा अस्वल दिसलं तर सायकल वळवून पळू नका. उतरून सायकल मधे आडवी धरा, एकमेकांना चिकटून उभे राहा, तोंड त्याच्याकडे ठेवून हळूहळू मागे सरका. बसायचं मात्र अजिबात नाही. मोह वेचणारी, गवत कापणारी माणसं हल्ल्यात सापडतात ती बहुतेक वाकलेली किंवा उकिडवी असताना. म्हणूनच जंगलपट्ट्यात पंक्चर झालं तर सायकल ढकलत मोकळ्या जागी किंवा वस्तीपाशी न्या. तेवढंही शक्य नसेल तर एकाने काम करायचं, बाकीच्यांनी पाठीला पाठ लावून उभं राहायचं. धरणाच्या भिंतीला किंवा पुलाखाली आग्या मोहोळ असेल तर विडी-सिगारेट, अत्तर, आरडाओरडा बंद.

पेंच नदी शांत दिसली तरी पात्रात जेवायला बसू नका. वर तोतलाडोहला १६० मेगावॅटचं वीजकेंद्र आहे. पाणी सोडलं की आभाळ निरभ्र असतानाही खाली कोलितमाऱ्याकडे पातळी चढते. नागपूरच्या नळाला येतं ते पाणी बरंचसं याच नदीचं, पण पात्रातलं तसंच पिऊ नका. माणशी ३ लिटर बरोबर, ओआरएसची ४ पाकिटं. पवनी सोडताना बाटल्या भरून घ्या. आदल्या रात्री झणझणीत सावजी रस्सा नको, दुसऱ्या दिवशी चढावर पोट साथ देत नाही. तर्री-पोहे सकाळी चालतील, तर्री जरा बेतानं. डिसेंबरात खिशात संत्री ठेवा, पाणी आणि साखर दोन्ही मिळतात.

फोनमध्ये १०८ रुग्णवाहिका आणि वनविभागाची १९२६ हेल्पलाइन घालून ठेवा. जंगलात रेंज जाते, म्हणून निघतानाच मुक्कामाच्या ठिकाणी सांगा: अमुक वाजेपर्यंत नाही आलो तर बघा. साप चावला तर चिरायचं-चोखायचं नाही, हात-पाय हलवू न देता रामटेकच्या सरकारी रुग्णालयात किंवा थेट नागपूरला मेडिकलला (सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात).

परतीच्या दिवशी कामठी रोडची संध्याकाळची गर्दी टाळायला दुपारपर्यंत शहरात या. घरी आल्यावर टायर धुऊन त्यावरचे सगळे काटे टोकदार वस्तूने काढा आणि रात्रभर हवा भरून ठेवा. सकाळी चाक बसलेलं असेल, तर तो काटा पेंचमधूनच बरोबर आलाय.